आघाडी कमी पडते

आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचे फॉरवर्ड मध्यरेषा ओलांडली की लहान होतात. रेषेच्या अलीकडे ते चांगले उंचेपुरे असतात. पलीकडे गेले की आधी कमरेएवढे, मग गुडघ्याएवढे, आणि समोरच्या गोलपुढच्या डीपर्यंत पोचले की चहाच्या किटलीएवढे. समोरच्या टीमचे बचावपटू मात्र आहेत तेवढेच राहतात. ते वाकतात, चेंडू बाजूला घेतात आणि आमच्या पोरांवर पाय पडू नये म्हणून जपून चालत निघून जातात. आमची पोरं परत फिरतात आणि मध्यरेषेपर्यंत येता येता पुन्हा आपल्या मापाची होतात.

पेपरात प्रत्येक सामन्यानंतर एकच वाक्य छापून येतं, आघाडीची फळी कमी पडली. त्यात खोटं काही नाही.

मी याच कॉलेजात होतो. परीक्षा पुऱ्या केल्या नाहीत, पण मॅच कधी चुकवली नाही. आता माझं मोटारसायकलींची सीट कव्हरं शिवायचं दुकान आहे. मॅचच्या दिवशी मी दुपारीच शटर ओढतो आणि मैदानाच्या पायऱ्यांवर बशीरशेजारी जाऊन बसतो. आम्ही एका वर्गात होतो तेव्हापासून असेच बसतो. कोल्हापुरात उन्हात पायऱ्यांवर बसून घसा फोडणारे हजारो आहेत, त्यातले आम्ही दोघे.

"सगळी चूक कोचची," बशीर म्हणायचा. "पोरांना सराव कुठं देतो? आपल्याच अर्ध्यात. पलीकडं गेली की पोरं बावरणारच."

हे खरं होतं. सरनोबत सर कधीच पलीकडच्या अर्ध्यात सराव घेत नसत. पायऱ्यांवरून आम्ही त्यांना नाही नाही ते बोलायचो. ते टोपी सारखी करायचे आणि लाइनीवर उभे राहायचे.

यंदा माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा मुलगा टीममध्ये आला. इंद्रजित. सेंटर फॉरवर्ड. त्याच्या पायात खरोखर काहीतरी होतं. चेंडू त्याच्याकडं आला की पायऱ्यांवरची माणसं बोलता बोलता थांबायची. तोसुद्धा रेषेपलीकडं गेला की लहान व्हायचा, पण इतरांपेक्षा पुढं जायचा. त्यामुळं जास्त लहान व्हायचा.

एका सकाळी आक्का त्याला घेऊन दुकानात आली. तिनं माझ्यासमोर जर्सी टाकली.

"शशी, ही आत घे. खांद्यातनं उतरतीय."

"नवी हाय की."

"जर्सी तीच हाय," आक्का म्हणाली. "तू टेप लाव."

मी टेप लावला. खांदे लावले, छाती लावली. मग पुन्हा लावले. इंद्रजित समोरच्या आरशात बघत उभा होता. आक्का चहा सांगायला बाहेर गेली तेव्हा तो हळूच म्हणाला, "मामा, परत येताना मी पुरता येत नाही. थोडा तिकडंच राहतोय."

"दुखतं का काही?"

"नाही. तिकडं गार असतं."

"आणि?"

"गवत. आणि तुमच्या सगळ्यांचा आवाज. शब्द कळत नाहीत. अंगावर वजन पडल्यासारखा येतो."

"मग सोड. आजारी हाय म्हणून सांग."

त्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं. "गोल तिथनं फार मोठा दिसतो, मामा. आणि जवळ. इकडनं कधी एवढा जवळ दिसत नाही."

मी जर्सी आत घेतली. पुढच्या मॅचनंतर आणखी आत घेतली. त्यानंतर कापड उरेना, म्हणून मी लहान मुलांच्या मापाची नवीच शिवली आणि पाठीवर नंबर चिकटवला. आक्कानं जेवताना त्याच्या खुर्चीवर पाट ठेवायला सुरुवात केली होती. तो जेवायचा, आईला हसवायचा, आणि जिना चढताना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय ठेवायचा.

आक्कानं सांगितलं म्हणून मी सरनोबत सरांना भेटायला गेलो. सराव चालू होता, अर्थात आपल्याच अर्ध्यात. सर मला ओळखत होते. पायऱ्यांवरचा आवाज म्हणून ओळखत असावेत.

"सर, इंद्रजित लहान होत चाललाय."

"दिसतंय मला."

"त्याला बसवा. दुसऱ्या कुणाला तरी घ्या."

"कुणाला घेऊ?" त्यांनी बाकाकडं बोट दाखवलं.

बाकावर गेल्या वर्षीचे दोन फॉरवर्ड बसले होते. मी आधी त्यांना पाण्याच्या बाटल्या समजलो. त्यातल्या एकानं मला हात केला. मीही केला.

"हे दोघं कॉलेज सोडून गेले असं ऐकलं होतं."

"जाणार कुठं? बाकावरनं उतरता येत नाही त्यांना."

"मग पलीकडच्या अर्ध्यात सराव घ्या की, सर. सवय तरी होईल."

"सवयीनं तर हे झालंय." त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. "माझं ऐकून बघा एकदा. मी काय ओरडतो? थांब. मागं ये. जागा सोडू नको. मी आजपर्यंत एकाही पोराला पुढं जा म्हटलेलं नाही. पुढं जा तुम्ही म्हणता."

मी बाकाजवळ गेलो, बाटलीच्या टोपणात थोडं पाणी ओतून त्या दोघांसमोर ठेवलं आणि परत आलो.

शेवटच्या सामन्याच्या आधी मी बशीरला म्हटलं, "आज ओरडायचं नाही."

"ओरडायचं न्हाई तर यायचं कशाला?"

तरी मी गप्प बसलो. मैदान खच्चून भरलं होतं. आक्का पहिल्यांदाच मॅचला आली होती. पदर डोक्यावर घेऊन ती माझ्या दुसऱ्या बाजूला बसली होती. मी गप्प आहे हे आधी मागच्या पायरीवरच्यांच्या लक्षात आलं. मग खालच्या. माणसं वळून माझ्याकडं बघायला लागली. एकानं विचारलं, "काय हो, बरं न्हाई का?" त्यांनी सरकून सरकून जागा इतकी कमी केली की माझी कोपरं पोटाला लागली. सगळे ओरडत होते, आणि प्रत्येक ओरडणारा अधूनमधून माझ्या तोंडाकडं बघत होता.

हाफटाइमनंतर चेंडू इंद्रजितकडं आला. तो मध्यरेषेवर होता. तिथंही तो इतरांच्या छातीलाच लागत होता. लाइनीवरून सर म्हणाले, "थांब. मागं दे."

इंद्रजित थांबला. त्यानं चेंडूवर पाय ठेवला आणि पायऱ्यांकडं बघितलं.

"घाल पुढं, इंद्या," कोणीतरी ओरडलं. आवाज सगळ्यांच्या वर गेला. बशीर माझ्याकडं बघून हसला, तेव्हा तो आवाज माझा होता हे मला कळलं.

इंद्रजित निघाला. पहिला बचावपटू त्यानं डावीकडून काढला, दुसऱ्याच्या पायांमधून गेला. तो गुडघ्याएवढा झाला, किटलीएवढा झाला, मुठीएवढा झाला. चेंडू डीमध्ये शिरला आणि थांबला. त्याच्यामागं कोणी दिसत नव्हतं.

मैदान शांत झालं. समोरच्या गोलकीपरनं उचललेला पाय तसाच हवेत धरला होता. रेफ्रीनं शिटी वाजवली नाही. फाउल कोणाचाच नव्हता.

"शशी," आक्का म्हणाली, "जा."

माणसांनी वाट दिली. मी पायऱ्या उतरलो, जाळीच्या दारातून आत गेलो. सरनोबत सरांनी मला अडवलं नाही. त्यांनी रेफ्रीकडं बघून बदली खेळाडूची खूण केली. रेफ्रीनं मान हलवली.

मध्यरेषा ओलांडताना काहीच जाणवलं नाही. पुढच्या पावलाला मैदान लांबलं. बचावपटू वर वर जात राहिले. कपडे आपल्याबरोबर लहान होतात हे मला तिथं कळलं, कारण पट्टा सैल झाला नाही. मी धावायला लागलो, आणि पोरांपेक्षा भरभर लहान होत गेलो. धावलो तसं गवत वाढलं, आधी घोट्याला, मग कमरेला, मग ते डोक्यावरून गेलं आणि त्याच्या खाली गारवा होता, अगदी पहाटेसारखा.

डीची चुन्याची रेषा मला चढून पार करावी लागली. पलीकडं चेंडू होता, तालमीच्या इमारतीएवढा. त्याच्या सावलीत, शिवणीच्या जाड दोऱ्याला टेकून इंद्रजित बसला होता. तो आणि मी आता एकाच उंचीचे होतो.

"मामा, तुम्ही कशाला आलात?"

"चल. आक्का वर बसलीय."

"बघा तरी एकदा."

मी बघितलं. गोल खरोखरच जवळ होता. दोन खांब ढगांत गेले होते आणि मधली जाळी सबंध आभाळभर पसरली होती. इतका उघडा गोल मी आयुष्यात बघितला नव्हता. आमच्या पायाखाली जमीन थोडी उताराची होती आणि उतार तिकडंच जात होता.

"दोघं असलो तर हलेल," इंद्रजित म्हणाला. "एकट्यानं हलत नाही."

तेवढ्यात अंधारून आलं. गोलकीपर गुडघ्यावर बसला होता. त्याचा चेहरा वर कुठंतरी होता. "कुठं हायसा?" असं तो विचारत होता, आणि तो आम्हाला वाचवायला बघत होता असंच मला वाटलं. त्याचा हातमोजा घातलेला पंजा गवत चाचपत आमच्याकडं येत होता. जिथं टेकत होता तिथलं गवत पुन्हा उभं राहत नव्हतं.

मग पायऱ्यांवरचा आवाज आला. शब्द कळत नव्हते. माझे गुडघे त्याच्या वजनानं वाकले.

"मामा, ढकला."

मी चेंडूला खांदा लावला. इंद्रजितनं माझ्याशेजारी लावला. चामडं गार आणि ओलं होतं. आम्ही दोघांनी मिळून जोर केला, तेव्हाच पलीकडनं गोलकीपरचा पंजा चेंडूला टेकला.

चेंडू हलला. तो आमच्या बाजूला हलला.