कुटुंब क्रमांक सात

सरांचं म्हणणं असं, की गावातून घेतलेली माहिती गावाला परत द्यायची. आता ह्यात वाईट काय? काहीच नाही. म्हणून तर रविवारी दुपारी हमरापूरजवळची ती अख्खी वाडी देवळाच्या मंडपात येऊन बसली, आणि रोह्याच्या कॉलेजात समाजशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असलेली किमया अहवाल घेऊन माइकपुढे उभी राहिली. गणपतीच्या मूर्ती घडवणारी दहा घरं, प्रत्येक घराला बत्तीस प्रश्न, घरातले निर्णय कोण घेतं ह्यावर. नावं नाहीत, नुसते क्रमांक. नाव गाळलं की माणूस लपतं, असं त्या पोरीला वाटत होतं. पोरीचं सोडा, सरांनाही वाटत होतं!

पहिल्याच घराला घोटाळा झाला.

"कुटुंब क्रमांक एक. दोन भाऊ, चूल एक, टीव्ही दोन."

"गुणाजीचं घर!" मागून कोणीतरी ओरडलं. सगळा मंडप हसला, गुणाजीही हसला.

"कुटुंब क्रमांक दोन. सासू भाजी घेतानाही सासऱ्यांना विचारते."

"केरूनानांचं! खरं हाय गो, मिरची घेताना पन फोन लावते!"

झालं! वाडीला खेळ सापडला. कोणाचं घर आधी ओळखतो ह्याची चढाओढ लागली. सर तर खुर्चीत बसून नुसते खूश, एवढा प्रतिसाद कुठल्याच गावात मिळाला नव्हता म्हणे.

किमयाला मात्र दरदरून घाम फुटला. सातव्या घरातल्या सुनेचं काम तिने सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलं होतं, 'मूर्तींच्या डोळ्यांची आखणी'. वाडीत डोळे आखणारी बाई एकच होती. पूजा.

पूजा बायकांच्या शेवटच्या रांगेत, सासूच्या म्हणजे गोदूबाईच्या शेजारी बसली होती. मांडीवर धाकटी, पाठीला थोरली. तिचा नवरा निकेश पुरुषांत अगदी पुढे होता आणि सगळ्यांत मोठ्याने घरं ओळखत होता.

दोन महिन्यांमागे कारखान्यात दोघीच होत्या तेव्हा किमयाने एकोणिसावा प्रश्न विचारला होता. मुलं किती, हे कोण ठरवतं? पूजाने कुंचला खाली ठेवला.

"ताई, धाकटीच्या टायमाला रगत थांबत नव्हतं. डॉक्टर बोलले, परत दिवस गेले तर वाचायची नाय. पन घरात मुलगा पायजे. मंग म्हायेरी गेले तवा गुपचूप तांबी बसवून आले. चार वरसं झाली. सासूबाई मुलासाठी नवस करतात, मी आपली पाया पडते." मग आवाज उतरला. "कळलं तर पोरी ठेवून घेतील नि मला धाडतील."

आणि किमयाने ते लिहिलं. लिहिताना आनंद झाला होता तिला, असं उत्तर दुसऱ्या कोणाकडे नव्हतं. आता त्या आनंदाची तिला शिसारी आली.

सहावं घर संपलं. तिने दोन पानं एकदम उलटली. "कुटुंब क्रमांक आठ."

"ओ ताई, सात ऱ्हायलं!" निकेश ओरडला. "सगल्यांचं वाचलंत नि सातवाल्यानी काय घोडं मारलंय?"

परत हशा. किमयाने पान परत उलटलं. "कुटुंब क्रमांक सात. सासू, मुलगा, सून, नातवंडं. सगळे निर्णय एकमताने." एवढं बोलून तिने पान मिटलं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. असलं घर कोणाचं? कोणालाच ओळखता येईना. सुटले बाई, असं तिला वाटलं.

"थांब, किमया. घाबरून महत्त्वाचंच गाळलंस." सर उठले. त्यांच्या हातात दुसरी प्रत होती.

"नको सर," ती म्हणाली. "सर, प्लीज नको!"

"अगं, आपल्या अभ्यासातला सर्वांत मोलाचा मुद्दा आहे हा." त्यांनी माइक घेतला. चेहरा कौतुकाने फुललेला. "ह्या घरातली सून मूर्तींचे डोळे आखते..."

"आमचंच की ओ!" निकेश हात वर करून ओरडला.

हात वर असतानाच पुढचं वाक्य आलं. माहेरी बसवलेली तांबी, चार वर्षं, घरात कोणाला माहीत नाही. सर नीट, सावकाश वाचत होते.

ह्या खेपेला कोणी हसलं नाही. निकेशचा हात खाली आला. मान मागे वळली. गोदूबाईने पूजाच्या मांडीवरून धाकटीला उचललं, थोरलीचं मनगट धरलं आणि चालू लागली. पूजा तिच्यामागून धावली, तिच्यामागून निकेश.

"आता क्रमांक आठ," सर म्हणाले. त्यांना अजून काही उमगलं नव्हतं.

किमया कागद टाकून पळत सुटली. पूजाच्या घरी पोचली तेव्हा दार लागलेलं होतं. तिने कडी वाजवली. फटीतून गोदूबाईचं तोंड दिसलं.

"काय हाय?"

"काकी, चूक माझी आहे. पूजाताईंना काही करू नका."

"सर्वे झाला ना तुजा? मंग जा. ह्ये आमच्या घरातलं हाय."

दार आपटलं. आत धाकटी रडत होती. मग तीही गप्प झाली. किमयाला पळून जावं असं फार वाटत होतं. तिने परत कडी वाजवली. कोणी उघडेना. ती वाजवत राहिली.