अडीच घरांची उडी

टीव्हीच्या काचेवर, खालच्या डाव्या कोपऱ्यात, तांदळाच्या कणीएवढा एक ठिपका लुकलुकत होता. दिसण्याचा वेळ विझण्याच्या वेळेपेक्षा किंचित जास्त होता. हे अनुसयाच्या लक्षात आलं, कारण मटार सोलता सोलता ती बराच वेळ त्याच्याकडेच बघत होती. ठिपका लुकलुकतोय तोवर कॉम्प्युटर विचार करतोय, असं सुखदेवने सांगितलं होतं. थांबला की समजायचं, चाल सापडली.

जयपूरच्या रेल्वे कॉलनीतल्या त्या क्वार्टरमध्ये रविवारी सकाळी दोन कॉम्प्युटर आले होते. एक थोरल्या सुलोचनाच्या कॉलेजातला. ती तिथे फिजिक्स शिकवायची. प्राचार्यांची परवानगी काढून तिने तो रिक्षातून मांडीवर घेऊन आणला होता, तान्हं मूल आणावं तसा. दुसरा सुखदेवने होस्टेलमधल्या मित्राकडून मागून आणलेला. एक घरच्या, दुसरा शेजारून आणलेल्या टीव्हीला जोडून दोन्हींवर कॅसेटवरून बुद्धिबळाचा प्रोग्रॅम चढवला होता, आणि मात देणारी चाल कोणाचा प्रोग्रॅम आधी शोधतो यावर बहीणभावांची पैज लागली होती.

जो हरेल त्याने बाबांना विचारायचं. काय विचारायचं, ते बाबा सोडून घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

भीमराव मालगाडीचे गार्ड. महिनाअखेर रिटायर होणार, क्वार्टर सोडावं लागणार. पुढे कुठे राहायचं? भुसावळला भावाशेजारी, की नागपूरला, जिथे बरोबरीच्या गार्डांनी प्लॉट घेतले होते? वर्षभर त्यांचा विचारच चालला होता. कुणी विषय काढला की "बघू" म्हणायचे आणि चष्मा पुसायला घ्यायचे. चष्मा इतका स्वच्छ कॉलनीत दुसऱ्या कुणाचा नव्हता.

अनुसयाला कुणी विचारलंच नव्हतं. तिलक नगरात द्वारकाजींच्या बालवाडीत ती कितीतरी वर्षं शिकवत होती. आधी पोरं तिच्या हिंदीला हसायची. आता तीच पोरं तिची मराठी बडबडगीतं घोकून आपापल्या आयांना हैराण करत. बालवाडीवरच्या दोन खोल्या दिवाळीपासून रिकाम्या होत्या, आणि आलेला भाडेकरू द्वारकाजी परत पाठवत होत्या. "आप बस हाँ तो बोलो, अनुसयाजी," म्हणत. रोज घरी येताना ती ठरवायची, आज नवऱ्याशी बोलायचं. आणि रोज वाटायचं, थोडं थांबावं. त्यांच्याच मनात येऊ दे.

पटावरचा डाव भीमरावांनीच मांडून दिला होता. "पांढऱ्याची चाल. एका चालीत मात आहे," ते म्हणाले होते. "ड्यूटीवर मुक्काम पडला की रनिंग रूममध्ये मी हा डाव चुटकीसरशी जिंकलोय."

सुखदेवचा ठिपका थांबला.

"आला! ताई, माझावाला आला. प्यादं पुढे."

"चूक," भीमराव म्हणाले.

"तुझावाला बोलतो आधी आणि विचार करतो नंतर," सुलोचना म्हणाली. तिच्या हातात लॅबमधलं स्टॉपवॉच होतं. "अगदी मालकासारखा."

"आणि तुझावाला? मतलब, जिवंत तरी आहे ना?"

सुलोचनाच्या कॉम्प्युटरने मटार सोलून संपेपर्यंत वाट पाहायला लावली. मग घोडा हलवला.

"तोही चूक," भीमराव आता खुशीत आले. "एवढी विलायती यंत्रं, आणि समोरची चाल दिसत नाही? बघा." त्यांनी पांढरा राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं उडवून ठेवला. हत्तीची वाट मोकळी झाली, काळ्या राजाला शह बसला, आणि त्याची पळवाट उडी मारलेल्या राजानेच अडवली. "मात."

सुलोचनाने स्टॉपवॉच खाली ठेवलं.

"बाबा, ही देशी बुद्धिबळाची चाल झाली, त्यात राजाला एकदा अशी उडी असते. कॅसेटवरच्या राजाला उडी मारता येत नाही."

"एकदासुद्धा नाही?"

"एकदासुद्धा नाही."

"मग तो कसला राजा? नुसता आपला सरकतो?"

"वर्षभर बसवलं असतं ना, तरी सापडली नसती," सुखदेव कपाळावर हात मारत म्हणाला. "त्याच्या यादीत ती चालच नाही."

अनुसयाचा हात टरफलांच्या ढिगात तसाच राहिला. यंत्रं हळू नव्हती. इमानदारीने शोधत होती बिचारी, फक्त आपल्याला ठाऊक असलेल्या चालींमध्ये. आणि ती स्वतः वर्षभर वाट पाहत बसली होती, की यांना आपलं आपण सुचेल.

"म्हणजे आपण दोघंही हरलो," सुलोचना म्हणाली. "आता दोघांनी मिळून विचारायचं. चल, सुरू कर."

"मी का? तू मोठी आहेस."

"काय विचारायचंय?" भीमरावांनी दोघांकडे पाहिलं.

सुखदेवने घसा साफ केला. "बाबा, ते... क्वार्टर सोडल्यावर... म्हणजे आपण..."

"ते होय? चाललाय ना विचार." भीमरावांनी चष्मा काढला. "भुसावळला भाऊ आहे, पण जागा अडचणीची. नागपूरला जागा आहे, पण ओळख कमी. दोन्हींत काही ना काही आहे. बघू."

"अहो," अनुसया म्हणाली.

"हं?"

"चष्मा राहू द्या. इकडे बघा."

त्यांनी बिनचष्म्याचे डोळे बारीक करून बघितलं. पोरंही बघायला लागली. तिने मांडीवरची टरफलं झटकली.

"मी भुसावळला येणार नाही आणि नागपूरलाही नाही. द्वारकाजींच्या वरच्या दोन खोल्या मी पाहून ठेवल्यात. आपण इथेच, तिलक नगरात राहायचं."