रावयाच्या आरशाची चौकट

मी सांगते आहे ते सारं १९७८ साली घडलं. त्या वर्षी वसंतात इजिप्तमधल्या दुम्यात गावच्या रावयाचं लग्न झालं आणि तिच्या आरशाची चौकट मी कापली. मी एक जुनी, पायाने चालवायची नक्षीची करवत आहे. मित्रांनो, करवत म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे ओंडके चिरणारी लांबलचक, दातेरी करवत उभी राहते. मी तशी नाही. माझं पातं सुतळीहून बारीक. ते उभं ताणलेलं असतं, जागच्या जागी वरखाली होतं, आणि लाकूडच त्याच्याभोवती फिरवायचं असतं. पानं, वेली, चांदण्या, जाळ्या हे माझं काम. ओंडक्यांचं मला काही विचारू नका.

माझा जन्म लोहाराच्या दुकानात झाला. मोडीत निघालेल्या शिलाई यंत्राचे ओतीव पाय, पायडल आणि चाक त्याने उचलून आणलं, त्यावर दोन लाकडी हात बसवले आणि वर एक स्प्रिंग लावली. म्हणजे कमरेखाली मी शिंपीण आणि कमरेवर सुतारीण. दोन्ही घराण्यांचं नाव मी राखलं, असं मला आजही वाटतं.

उस्ता, म्हणजे उस्ताद सुतार, शिहाताच्या कारखान्यात मी पुष्कळ वर्षं राबले. कैरोच्या किती नवरीनवरदेवांच्या पलंगांवर माझ्या द्राक्षवेली आहेत, देव जाणे. गिऱ्हाईक आलं की उस्ता माझ्या टेबलावर थाप मारून म्हणायचा, "हिचा हात बघा, केसावरून केस कापते." मग विजेचं यंत्र आलं. त्या दिवसापासून माझ्यावर व्हार्निशचे डबे ठेवू लागले. माझ्या स्प्रिंगला गंज चढला तरी कुणी तेलाचा थेंब दिला नाही.

उस्ताचा मुलगा हम्दी आणि मिठाईवाल्या महरूसची मुलगी रावया यांचं ठरलं, तेव्हा रावयाची आई इन्साफ कारखाना पाहायला आली. ती शिवणकाम करायची. डब्यांखालचे माझे पाय तिने लगेच ओळखले.

"उस्ता, हे पाय इथे काय करतायत?"

"घेऊन जा विहीणबाई. कुंड्या ठेवायला बरी आहे."

अशी मी महरूसच्या गच्चीवर, कबुतरांच्या खुराड्याशेजारी आले. इन्साफने कुंड्या ठेवल्या नाहीत. तिने माझा गंज घासला, सांध्यांत तेल सोडलं आणि चाक हाताने फिरवून माझा आवाज ऐकला. त्याच आठवड्यात, सोयरे चहाला बसलेले असताना, तिने जाहीर करून टाकलं की रावयाच्या आरशाची चौकट ती स्वतः कापणार.

आमच्या गावात नवरीचं सामान उघड्या गाडीवरून ढोल वाजवत गल्ल्यागल्ल्यांतून जातं. आणि आमचं गाव सुतारांचं. चहावाल्याच्या बाकावर बसलेला म्हाताराही लांबून सांगतो की कुठल्या खुर्चीचा सांधा ढिला आहे. म्हणून हज्जा नबवीयाने, म्हणजे हम्दीच्या आईने, कप खाली ठेवला.

"इन्साफ, तू सोन्यासारखी बाई आहेस. पण हे काम म्हणजे बाही लावणं नव्हे. आरसा बाजारातून आण. पोरीचं गाडीवर हसं व्हायला नको."

"हसले तर हसतील, हज्जा. मी कुठे सुतार म्हणवते स्वतःला?"

रावया मात्र खाली मान घालून बसली होती. सुतारांच्या घरात सून म्हणून जायचं होतं तिला.

पहिल्या दिवशी इन्साफने पातं उलटं बसवलं. माझे दात खाली बघायला हवेत, ते वर बघत होते. त्यामुळे प्रत्येक फेऱ्याला फळी उडायची. महरूस पाकाचे हात पुसत गच्चीवर आला आणि बघत राहिला. बायकोला तो उम्म रावया, म्हणजे रावयाची आई, म्हणायचा.

"उम्म रावया, लाकूड कापतेस की त्याला नाचायला शिकवतेस?"

"तुम्ही खाली जा. कढईतली तुमची जाळीदार मिशब्बिक करपेल."

दात खाली आले तेव्हा ती फळी पुढे रेटू लागली आणि पाती एकामागून एक तुटली. मला फार वाटायचं की हिला सांगावं, बाई, रेटू नकोस, मला खाऊ दे. पण ते तिचं तिलाच उमगलं. कापड कधी सुईखाली ढकलत नाहीत, हे तिच्या हातांना ठाऊकच होतं. पायांची लय लागली, हात सैल पडले आणि माझं पातं रेषेवरून चालू लागलं. नक्षीचा कागद ती कणकेच्या खळीने फळीवर चिकटवायची. फळीच्या खालूनही मिठाईच्या खोक्याचा कागद लावायची, म्हणजे मागच्या बाजूने लाकडाची कुसळं निघत नाहीत. आधी तिने एक मासा कापला. मग बदक. मग खुराड्याचं दार, चांदण्यांचं. कबुतरांनी त्याची काही कदर केली नाही, पण शेजारणी बघायला आल्या.

मग चौकट. रुंद फळीवर दोन वेली, वर जाऊन एकमेकींत गुंतणाऱ्या. इन्साफने बाहेरची कड आधी कापली. ती सुबक निघाली म्हणून तिने महरूसला हाक मारून दाखवलीसुद्धा. नंतर आतल्या पानांची भोकं गिरमिटाने पाडली. प्रत्येक भोकातून पातं ओवून ती जाळी कापत गेली. वरच्या टोकाला आली आणि टक् असा आवाज झाला. धरायला लाकूडच उरलं नव्हतं. वेल मोडली.

तिने सरसाने तुकडा जोडला. चीर बारीक राहिली, पण राहिली. रावया वर आली, चौकटीकडे बघून म्हणाली, "आई, हे गाडीवर जाणार नाही."

"का?"

"का म्हणजे? रस्ताभर सुतार उभे असणार. मला त्या घरात जन्म काढायचाय."

संध्याकाळी उस्ता शिहाता आला. त्याने चीर पाहिली, बोट फिरवलं.

"आतलं आधी कापायचं, विहीणबाई. बाहेरची कड सगळ्यात शेवटी. नाहीतर धरणार कशाला?"

"आता कळलं."

"तो नक्षीचा कागद असला तर द्या. यंत्रावर उद्या दुसरी कापतो. नाव तुमचंच. कुणाला पत्ता लागणार नाही."

इन्साफने नक्षीच्या कागदांची गुंडाळी उघडली. मग तिने कागदाची दुसरी प्रत त्याच्या हाती दिली. "कापा. पण नाव तुमचंच राहू द्या. दोन्ही इथे ठेवू. काच एकच आहे. ती कशात बसवायची, ते रावया ठरवेल."

मित्रांनो, ते यंत्र मला ठाऊक होतं. त्याच्यापायीच मी एकदा अडगळीत गेले होते. या वेळी गेले असते तर नशिबी कुंड्याच होत्या.

मिरवणुकीच्या सकाळी रावया एकटीच गच्चीवर आली. हातांवर मेंदी ताजी होती. दोन्ही चौकटी तिने कठड्याला टेकवून ठेवल्या. खरं सांगते, उस्ताची चौकट निर्दोष होती. रावया बराच वेळ तिच्याकडेच बघत होती. मग का कोण जाणे, तिने उरलेली एक फळी उचलली आणि माझ्यापुढे बसली. एक पान कापायचं, बस्स.

पाय अडखळले. पातं रेषा सोडून गेलं. तिने रेटलं, ते तुटलं. तिने दुसरं बसवलं, कपाळावरचा घाम खांद्याला पुसला, पुन्हा बसली. शेवटी जे निघालं ते पान नव्हतं, गाढवाचा कान होता. ती त्याच्याकडे बघून हसली. मग हसता हसता थांबली. आईची चौकट मांडीवर घेऊन तिने एकेका पानाच्या आतून बोट फिरवलं. पानं पुष्कळ होती. सगळ्यांतून फिरवलं.

मग जिन्यातून खाली हाक मारली, "बाबा, काच वर आणा."

दारात गाडी लागली होती. उस्ताने आरसा बघितला.

"अगं, आणि माझी?"

"काका, तुमची मी रोज बघेन. आज लोकांना ही बघू द्या."

"चीर दिसतेय, पोरी."

"दिसू द्या. विचारलं तर सांगा, आईने पहिल्यांदाच केलीय."

ढोल सुरू झाले. मी कठड्यापाशी होते, सगळं दिसत होतं. समोरच्या चहाच्या दुकानापाशी गाडी थबकली आणि बाकावरचे सुतार उठले. त्यांतल्या एका म्हाताऱ्याने आरसा समोरून नाही, मागून बघितला. आमच्याकडे तशीच रीत आहे.

"चीर आहे," तो म्हणाला.

"आहे," महरूस म्हणाला.

"पण कड स्वच्छ आहे. एक कुसळ नाही. कुणाचा हात?"

रावयाने तोंड उघडण्याआधीच हज्जा नबवीया पुढे सरसावली. "आमच्या विहीणबाईंचा. आणि करवत आमच्या कारखान्यातली."

म्हाताऱ्याने आरसा पुन्हा टेकवला तो जरा तिरपा. त्यात आभाळ आलं, आमची गच्ची आली, कठडा आला आणि कठड्यामागे काळ्या ओतीव पायांची, दोन लाकडी हातांची कुणीतरी ताठ उभी होती. तोवर मी स्वतःला कधी पाहिलं नव्हतं. बरी दिसत होते.

पुढे उस्ता शिहाताची दृष्टी अधू झाली, तरी तो बोटांनी सांधे तपासत असे. तो गेला तेव्हा कारखाना हम्दीकडे आला. हज्जा शेवटपर्यंत सांगत राहिली की विहिणीने चौकट कापायची कल्पना तिचीच होती. महरूसचं दुकान आता त्याचा पुतण्या चालवतो आणि पाक जरा जास्त घट्ट करतो. इन्साफने नंतर नातवंडांचे पाळणे, कुराण ठेवायच्या घडवंच्या, रमजानचे लाकडी कंदील, काय काय कापलं. गुडघे गेले तेव्हा तिने मला रावयाच्या घरी पाठवलं, आणि दोन हिवाळ्यांनी ती गेली. रावया पुढे माझ्यावर कापायला शिकली; आता ती स्वतः आजी आहे आणि इतरांना शिकवते. आतलं आधी, कड शेवटी, हे ती नवशिक्यांना पहिल्याच दिवशी सांगते. उस्ताची चौकट तिच्या बैठकीत आहे, आईची झोपायच्या खोलीत.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल तर एवढं करा. सांध्यांना तेल द्या, टेबलावर डबे ठेवू नका, आणि काम संपवून उठताना पातं सैल करा. रात्रभर ताणलेलं राहिलं तर आम्ही थकतो. रावया कधी विसरत नाही. दिवा मालवण्याआधी ती ताणाची खिट्टी फिरवते, आणि माझे दोन्ही हात हलकेच खाली येतात.