वेनस्ट्राकाकांची जादा मात्रा

मी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारी टेस्टर आहे. म्हणजे पुण्यात सहा वर्षं होते. २००३ साली नवऱ्याच्या व्हिसाचं शेपूट धरून अमेरिकेत पिस्कॅटवेला आले आणि कायद्यानं मला नोकरीची बंदी झाली. मग चुका काढायला घरात एकटा नवराच उरला. चार महिन्यांत गुरुदत्त इतका वैतागला, की त्यानंच मला खालच्या मजल्यावरच्या वेनस्ट्राकाकांकडे कामाला पाठवलं, तेही फुकट.

काका मूळचे हॉलंडमधल्या हार्लेमचे. साठच्या दशकात संगीत शिकवायला अमेरिकेत आले आणि इथेच राहिले. चर्चच्या ऑर्गनसाठी, मुलांच्या गायनवृंदासाठी, मोठ्या वाद्यवृंदासाठी त्यांनी दीडशेच्या वर रचना केल्या होत्या. एक ऑपेराही होता. त्याचे तीनच प्रयोग झाले, आणि तिसऱ्याला आपण स्वतः तिकीट काढून बसलो होतो, असं ते हसत सांगायचे. आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी पियानो आणि चार तंतुवाद्यांसाठी नवी रचना लिहिली होती. लिहिताना हात थरथरत असल्यामुळे कागदावर मुंग्या फिरल्यासारखं दिसायचं. ते सगळं कॉम्प्युटरवर चढवायचं होतं.

"मला तुमच्या संगीतातलं काही कळत नाही," मी आधीच सांगून टाकलं.

"उत्तम. म्हणजे सुधारणा करणार नाहीस," काका म्हणाले. "नियम एकच. माझं पान जिथे संपतं तिथेच तुझंही संपलं पाहिजे."

सॉफ्टवेअर फार शिस्तीचं होतं. चार मात्रांच्या खान्यात पाचवी आली की तो खाना लाल व्हायचा, आणि लाल दिसलं की माझं डोकं फिरतं. उजवीकडच्या जवळजवळ प्रत्येक पानाच्या शेवटी काकांनी एक जादा मात्रा ठेवली होती. सूर नाही, काही नाही, नुसती रिकामी. अशा नऊ चुका. विचारायला जावं तर तासभर भाषण ऐकावं लागलं असतं, म्हणून मी परस्पर सगळ्या उडवल्या. बऱ्याच महिन्यांनी मला काहीतरी काम केल्यासारखं वाटलं.

शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. आधीच्या रविवारी काकांच्या दिवाणखान्यात तालीम झाली. पियानोवर स्वतः काका आणि शेजारच्या खुर्चीवर त्यांची बायको, मार्ग्रेटकाकू, पानं उलटायला. सेहेचाळीस वर्षं ती खुर्ची त्यांचीच होती.

पहिल्या पानाला काकूंचा हात कागदापर्यंत पोहोचायच्या आत संगीत पुढे पळालं. दुसऱ्यालाही तेच. तिसऱ्याला काका चाचपडले, मग चारही वादक थांबले. काकूंनी चष्मा काढून मिटून ठेवला.

"सिब्रन, शनिवारी कुणीतरी तरुण बघ," एवढंच काकांना म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या.

काकांनी पुन्हा एकदा कागद पाहिले आणि मला गॅलरीत नेलं. "माझ्या मात्रा कुठे गेल्या?"

"चूक होती. काढली," मी म्हटलं. तेव्हाही जरा ऐटीतच.

"अकरा वर्षांपूर्वी तिचं मनगट मोडलं," काका हळू आवाजात म्हणाले. "पान उलटायला उशीर व्हायचा आणि ती रडवेली व्हायची. तेव्हापासून पान उलटायच्या जागी मी एक मात्रा जास्त ठेवतो. तिला माहीत नाही, आणि कळता कामा नये. एका प्राध्यापकानं माझ्या या शांततेवर चाळीस पानी निबंध लिहिलाय. त्यालाही मी सांगितलेलं नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सॉरी म्हण आणि रोलबॅक कर यार," घरी मी नुसतंच काहीतरी उडवल्याचं सांगितल्यावर गुरुदत्त म्हणाला. मात्रा परत घालणं सोपंच होतं, अर्ध्या तासात झालं. काकूंना परत खुर्चीवर कसं बसवायचं, हा खरा प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी नारळाच्या वड्या घेऊन मी त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. "काकू, तुमचं काही चुकलं नव्हतं. चूक माझी होती. मी कागदांमधून काहीतरी काढलं होतं."

"काय?"

मी जीभ चावली. "बारीकसंच."

काकूंनी एक वडी उचलली. "एक मात्रा?"

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे?" मी विचारलं.

"मनगट तर तीन महिन्यांतच बरं झालं होतं," काकू म्हणाल्या. "पण त्यानं माझ्यासाठी एवढी जागा ठेवलेली, ती वाया कशी घालवू? म्हणून मी सावकाश उलटते. काल ती जागाच नव्हती. मला वाटलं, आता त्याला मी शेजारी नको आहे."

त्यांचे डोळे भरून आले. माझे तर केव्हाच भरले होते.

"परत घातलीस ना?" त्यांनी विचारलं.

"नऊच्या नऊ."

"मग त्याला काही बोलू नकोस," काकू म्हणाल्या आणि दुसरी वडी घेतली.

शनिवारी काकू निळा झगा घालून आपल्या खुर्चीवर बसल्या. पान संपलं, काकांचे हात थांबले, चारही वाद्यं थांबली. काकूंनी अगदी दुखऱ्या मनगटानं उलटावं तसं पान उलटलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलंही नाही. पुढच्या पानाला तेच, त्याच्या पुढच्याला तेच.

चौथ्या वेळी गुरुदत्त माझ्या कानाशी लागला. "अगं, हे मध्येमध्ये हँग होतंय. तू नीट टेस्ट केलं होतंस ना?"

"केलं होतं," मी म्हटलं. "बरोबर आहे ते."