मामाच्या आवाजाचा नंबर

आता जे सांगायचं आहे त्यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही. न बसणाऱ्यांनी मामाचा आवाज ऐकलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मामा लिफ्ट चालवायचा. अकरा मजल्यांच्या एका ऑफिसच्या इमारतीत, लिफ्टच्या कोपऱ्यात स्टुलावर बसून. जन्मभर एवढा प्रवास करूनही जागचा न हललेला माणूस माझ्याशिवाय दुसरा दाखवा, असं तो म्हणे. त्याचा आवाज असा, की एकदा लिफ्ट सातव्या-आठव्याच्या मध्ये अडकली तेव्हा घंटा न वाजवता त्याने नुसती हाक मारली, तर रस्त्यापलीकडच्या बँकेचा पहारेकरी किल्ल्या घेऊन धावत आला. आणि गोष्टी अशा, की चौथ्या मजल्यावर उतरणारी एक टायपिस्ट बाई एकदा ऐकता ऐकता दिवसभर उतरलीच नाही. संध्याकाळी लिफ्टमधूनच परस्पर घरी गेली.

प्रत्येक गोष्टीची सुरुवात ठरलेली. "यावर तुमचा विश्वास बसणार नाही..." घरी सांगितली तर शेवटही ठरलेला. आतून मामीचा आवाज यायचा, "खोटं!" मग मामा भुवया उडवायचा आणि चहाचा कप तोंडाला लावायचा. मामी खोटं म्हणेपर्यंत गोष्ट पुरी झाली असं तो धरतच नसे.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी मामाच्या घशाचं ऑपरेशन झालं. मामा वाचला, आवाज गेला. हातात पाटी आली. पण पाटीवर माणूस काय लिहिणार? 'मीठ कमी'. 'पंखा लाव'. अशा मजकुराला खोटं कोण म्हणणार? घरात फ्रिजची घरघर तेवढी ऐकू यायची आणि मामी त्या फ्रिजवर खेकसायची.

अशात कपाटातून एक जुनी व्हिडिओ कॅसेट निघाली. मामाच्या निरोपसमारंभाची. ऑफिसातल्यांनी कॅमेरा स्टँडवर लावून चित्रण केलं होतं आणि कॅसेट मामाला भेट दिली होती. लावायला यंत्र नव्हतं, म्हणून ती तशीच पडून राहिली. मामीने ती भाचीच्या हातात दिली.

भाची चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. स्वभावाने अशी चौकस, की जिथे इतरांचं नाक शिरत नाही तिथे ही भिंग घालायची. ओळखीतून तिने कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतली, डीव्हीडी बनवली, घरच्या कॉम्प्युटरवर लावून पाहिली. मामा दणक्यात म्हणाला, "यावर तुमचा विश्वास बसणार नाही..." तेवढं ऐकून तिला इतका आनंद झाला की पुढचं न ऐकताच ती डिस्क घेऊन मामीकडे धावली.

मामा नवा शर्ट घालून टीव्हीसमोर बसला. खालच्या मजल्यावरचे मास्तरही आले. मास्तर म्हणजे मोटार शिकवणारे; अख्ख्या गल्लीला क्लच दाबायला त्यांनी शिकवलेलं. डिस्क प्लेअरमध्ये गेली. चित्र आलं. ऑफिसचं कँटीन, कागदी झालरी, हार घातलेला मामा. मामाने तोंड उघडलं.

आणि आवाज आलाच नाही.

रिमोट दाबून झाला, वायरी काढून पुन्हा खोचून झाल्या. पडद्यावर मामा हातवारे करत होता, माणसं पोट धरून हसत होती, आणि सगळं मुकं.

"तुझ्याकडे बोलतात आणि आमच्याकडे गप्प?" मामी म्हणाली. "नवीन काय त्यात! हे आधीपासूनच परक्यांकडे जास्त बोलतात."

मामा मात्र हसला नाही. एकदा त्याने पडद्यावरच्या आपल्या तोंडाकडे पाहिलं, एकदा गळ्यावरून हात फिरवला. मग पाटी टेबलावर पालथी घातली आणि आतल्या खोलीत निघून गेला.

पाटीलाही हात न लावणारा मामा कुणी पाहिला नव्हता. भाची डिस्क काढायला गेली तर मामीने तिचा हात धरला.

"थांब. हे बघ काय चाललंय."

पडद्यावर, पहिल्या रांगेत बसलेल्या मामीच्या अंगावर कुणाचीतरी कॉफी सांडली होती. ती उठून, कपडे झटकत दाराबाहेर गेली. तिची पाठ वळताच मामा पुढे झुकला, दाराकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाला, आणि अख्खं कँटीन त्या दाराकडे बघत हसत सुटलं.

"माझ्याबद्दल बोलले," मामी म्हणाली. "मी तिकडे डाग धूत होते आणि इकडे हे! काय गं म्हणाले?"

"मी पुढचं ऐकलंच नाही."

मामी पाटी घेऊन आत गेली. परत आली तेव्हा पाटी कोरीच होती.

"लिहीत नाहीत. भिंतीकडे तोंड करून बसलेत."

"मग माझ्या घरी चल. कॉम्प्युटरवर ऐकू."

"तीन जिने उतरून? माझे गुडघे काय तुझ्या बापाचे नोकर आहेत?" जन्मभर लिफ्ट चालवलेल्या माणसाच्या इमारतीला लिफ्ट नव्हती, हे मामीने बोलून दाखवलं नाही, कारण ते ती रोज दाखवायची. "आणि मी का जाऊ? माझ्या पाठीमागे बोलले ना? आता माझ्यासमोर बोलू देत. इथे, या खुर्चीत बसून ऐकणार मी. आणि तू आधी ऐकायचं नाहीस. कबूल?"

भाची कबूल म्हणाली. चौकस माणसाला अशी अट घालणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणं. पण तिने शब्द पाळला. यावरही कुणाचा विश्वास बसणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात ती गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीचा चष्मा चढवून एकेक काच बदलत होती. "हे बरं, की मघाचं?" काच काढली, दुसरी घातली. "आता? हे बरं, की मघाचं?" आणि तिचा हात हवेतच थांबला. काल त्यांनी वायरी, रिमोट, टीव्ही, सगळं एकदमच ढवळलं होतं. असं केल्यावर दोष कशात आहे ते कसं कळणार? एका वेळी एकच काच बदलायची असते.

"अहो बाई, मला काहीच दिसत नाहीये," गिऱ्हाईक म्हणालं. काच तिच्या हातात होती.

संध्याकाळी तिने पहिली काच बदलली, म्हणजे डिस्क. मामीच्या प्लेअरमध्ये विकत आणलेली सिनेमाची डिस्क घातली. ढिशुम् ढिशुम्, नाचगाणी, सगळं खणखणीत. म्हणजे टीव्ही बरा, वायरी बऱ्या. दुसरी काच म्हणजे प्लेअर. मामाची डिस्क घेऊन ती मास्तरांकडे गेली.

मास्तरांच्या प्लेअरवर मामा बोलला! पण कसा? शेवटची बस सुटत असल्यासारखा, भरभर, चिरक्या आवाजात. आणि हळूहळू आवाज पुढे जाऊ लागला, तोंड मागे पडू लागलं.

"तुझा मामा आधी बोलतो आणि मग तोंड उघडतो," मास्तर डोळे पुसत म्हणाले. "गाडी चौथ्या गियरमध्ये आणि ड्रायव्हर अजून चपला शोधतोय!"

पडद्यावर कॉफीचा कप दिसताच भाचीने डिस्क बाहेर काढली.

"अगं, आता तर खरी मजा!"

"मास्तर, मामीला शब्द दिलाय."

वर जाऊन तिने मामीला सगळं सांगितलं. आवाज पुढे, तोंड मागे, हेही.

"नेहमीचंच," मामी म्हणाली. "विचार तर त्याच्याही मागून यायचा." बोलता बोलता तिने आतल्या दाराकडे पाहिलं. आत खुर्ची करकरली, पण कुणी बाहेर आलं नाही.

आवाज डिस्कवर आहे, पण एका प्लेअरला तो दिसतच नाही आणि दुसऱ्याला वाकडा दिसतो. 'दिसतो' हाच शब्द भाचीच्या मनात आला, धंद्याची सवय. घरी जाऊन तिने डीव्हीडी बनवायचा प्रोग्रॅम उघडला आणि आधी ज्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं तो आवाजाचा रकाना पाहिला. तिथे एक आकडा होता, चव्वेचाळीस हजार शंभर. सिनेमाची डिस्क घालून तपासलं, तर तिथे अठ्ठेचाळीस हजार.

भाची खुर्चीतच उडाली. आवाजालाही नंबर असतो तर!

थोडं वाचल्यावर उलगडलं. कॉम्प्युटर आवाजाचे बारीक बारीक तुकडे करतो. एका सेकंदाचे किती, तो हा आकडा. गाण्यांच्या सीडीचे चव्वेचाळीस हजार शंभर, डीव्हीडीचे अठ्ठेचाळीस हजार. कॉम्प्युटर डोळे बारीक करून कुठलाही नंबर वाचतो. टीव्हीखालचा प्लेअर मात्र आपल्याच नंबरावर अडून बसतो. मास्तरांचा प्लेअर कमी तुकड्यांचा मामा जास्त तुकड्यांच्या वेगाने उधळत होता, म्हणून मामा बस पकडायला धावत होता.

तिने पुसून पुन्हा वापरता येणारी डिस्क घेतली, नंबर बदलला, बाकी कशालाही हात लावला नाही. मास्तरांकडे लावली. मामा भरदार, सावकाश, अस्सल मामासारखा बोलला.

"हे बरं, की मघाचं?" तिने विचारलं.

"मघाचं जास्त मजेशीर होतं," मास्तर म्हणाले.

ती जिना धावत चढली. मामीने खुर्ची ओढली. डिस्क आत गेली. चित्र आलं, मामाने तोंड उघडलं, आणि पुन्हा शुकशुकाट.

"राहू दे गं," मामी हळूच म्हणाली. "त्यांना आत कळतंय. प्रत्येक वेळी कान देऊन बसतात आणि मग जेवत नाहीत."

हे मात्र भाचीला झोंबलं. ती रिमोट हातात घेऊन जमिनीवरच बसली. त्यावर 'ऑडिओ' लिहिलेलं एक बटण होतं. सिनेमाची डिस्क घालून दाबलं, तर पडद्याच्या कोपऱ्यात एक इंग्रजी नाव उमटलं. मामाची डिस्क घालून दाबलं, तर नुसती एक आडवी रेघ. ती खाली पळाली, मास्तरांच्या रिमोटचं तेच बटण दाबलं. तिथे मामाच्या डिस्कला दुसरंच नाव आलं.

"मामी, हा प्लेअर कुठून आणला?"

"माझ्या भावाने बोटीवरून येताना आणला. कुठल्या बंदरातून, ते त्यालाच ठाऊक."

तिथेच गाठ सुटली. आवाज जागेत मावावा म्हणून दाबून बसवतात आणि दाबायच्या पद्धती वेगवेगळ्या; कोपऱ्यात उमटणारं नाव त्या पद्धतीचं. ज्या पद्धतीने तिच्या प्रोग्रॅमने मामाला दाबलं होतं, ती मास्तरांच्या प्लेअरला येत होती. बोटीवरून आलेल्याला ती शिकवलेलीच नव्हती. त्याच्या लेखी तिथे आवाज नव्हता, रेघ होती.

घरी प्रोग्रॅममध्ये दाबायच्या दोन-तीन पद्धती होत्या आणि सगळ्यात खाली एक पर्याय होता, न दाबलेला. जागा फार खातो, पण कुठल्याही डीव्हीडी प्लेअरला कळतो, असं पुढे लिहिलेलं. भाची एकटीच खदखदून हसली. मामाचा आवाज दाबणं आजवर कुणाला जमलं होतं, म्हणून या प्रोग्रॅमला जमेल? निरोपाचा कार्यक्रम छोटाच होता, जागा हवी तेवढी होती. तिने खालच्या ओळीवर खूण केली.

या वेळी तिने मामाला काहीच सांगितलं नाही. मामीला खुर्चीत बसवलं, डिस्क घातली आणि बटण दाबलं.

"यावर तुमचा विश्वास बसणार नाही!" मामा गरजला. इतका, की शोकेसमधले कप किणकिणले आणि खालून मास्तरांनी छताला काठी ठोकली.

आतली खुर्ची करकरली. भाचीने मागे वळून पाहिलं नाही.

"एकदा काय झालं," पडद्यावरचा मामा सांगत होता, "अकराव्यावर थांबायचं, तर लिफ्ट थांबेचना. गेली बाराव्यावर! इमारतीला बारावा नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. दार उघडलं, तर सगळीकडे ढग. ढगात एक न्हावी बसलेला. म्हणाला, या, बरेच दिवसांनी गिऱ्हाईक आलं. मूठभर ढग घेतला, घोटून फेस केला आणि माझी दाढी केली. पुढे महिनाभर गालावर केस उगवला नाही!"

कँटीन हसलं. कॉफी सांडली. पडद्यावरची मामी उठून बाहेर गेली. खुर्चीतली मामी पुढे सरकली. आतल्या दारात मामा येऊन उभा होता. त्याचे ओठ पडद्यावरच्या ओठांबरोबर हलत होते आणि या वेळी आवाज आणि तोंड एकाच वेळी चाललं होतं.

"ती बाहेर गेली तोवर सांगून टाकतो," पडद्यावरचा मामा दाराकडे बोट दाखवून म्हणाला. "घरी जाऊन पहिल्यांदा बायकोला सांगितलं. तिने माझ्या गालावर हात फिरवला आणि म्हणाली, तुम्ही सांगताय म्हणजे खरंच असणार. आमच्या घरात माझ्या शब्दावर शंका घ्यायची पद्धतच नाही!"

दारातल्या मामाने भुवया उडवल्या आणि वाट पाहत उभा राहिला.

गुडघे विसरून मामी खुर्चीतून ताडकन उठली.

"खोटं! अहो, साफ खोटं! असं मी जन्मात कधी म्हटलेलं नाही!"