गोलकीपरची डावी पापणी

मित्रांनो, मी एक जुनी पापणी आहे. जुनी म्हणजे आठ वर्षांची. कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेत, पूर्णिमाच्या डाव्या डोळ्यावर मी जन्मले आणि जन्मतःच खाली आले. मला उचलणारा स्नायू अशक्त होता. उजवी पापणी ऐटीत उघडे. मी मात्र अर्ध्यावर—

(घसरले. माफ करा.)

मी मात्र अर्ध्यावर लोंबत असे. समोरचं दिसावं म्हणून पूर्णिमा हनुवटी वर करून बघे. लोक म्हणत, "पोरगी लई तोऱ्यात हाय!"

तिची आत्या, आक्का, रोज मला तूप चोळी. "बिजागरीला तेल घालतोय न्हवं? तसंच. सरकंल वर!"

मी चकाकले. वर काही सरकले नाही. माझ्यावर एक माशी मात्र सरकत आली.

पूर्णिमाला गल्लीच्या संघात गोलकीपर व्हायचं होतं. पण चेंडू आला की ती बोटानं मला वर धरी. मग अडवायला एकच हात उरे.

"दोन्ही हात लाव की गं!" तिचे वडील, आकाराम, ओरडले.

"मग ह्या डोळ्यानं बघू कसं?"

तेवढ्यात गोल झाला. कप्तान आदर्शनं तिला संघातून काढलं. पूर्णिमा रडली. मी आधीच जड, त्यात भिजले.

दुसऱ्याच दिवशी आकाराम तिला डोळ्यांच्या डॉक्टर अनुजाबाईंकडे घेऊन गेले. बाईंनी मला पट्टीनं मोजलं. "बाहुली झाकली जातेय. असंच राहिलं, तर हा डोळा नीट बघायला शिकणारच नाही."

"पन आमी तूप लावतोय की."

"तूप भाकरीला लावा."

ऑपरेशन ठरलं. पूर्णिमाला भूल दिली. मला बारीक दोऱ्यानं आतून कपाळाच्या स्नायूशी जोडलं. जागी झाले तेव्हा वड्यासारखी टम्म फुगले होते. सूज उतरली आणि गंमत कळली: पूर्णिमानं भुवई उडवली की मी वर! मग रोज थोडा वेळ उजव्या डोळ्यावर पट्टी आली, डाव्याला कामाची सवय लागावी म्हणून. पट्टीखाली उजवी कुरकुरली. मला बरं वाटलं.

पुढं बाईंनी खेळायला परवानगी दिली. आदर्श म्हणाला, "माझी पेनल्टी अडीव, मग बघू."

पूर्णिमानं भुवया उडवल्या. मी वर. दोन्ही हात मोकळे. चेंडू हातांतून निसटला आणि जुन्या सवयीनं वर उचललेल्या हनुवटीवर आपटून बाहेर गेला!

"हनुवटीनं अडीवल्यालं चालतंय व्हय?" आदर्श.

"आत गेला न्हाय न्हवं?" आकाराम गरजले.

पूर्णिमा हनुवटी चोळत म्हणाली, "येताना दोन्ही डोळ्यांनी दिसला की!"

तिला संघात घेतलं.

मित्रांनो, कुणाची पापणी खाली आलेली दिसली तर त्याला झोपाळू म्हणू नका. वेळेत डॉक्टरांकडे न्या. तूप ताटातच राहू द्या.

आता झोपेतही मी थोडी उघडीच राहते. डोळा कोरडा पडू नये म्हणून झोपताना आक्का मलम घालते. तूप सुटलं, तरी तिचा हात रिकामा राहिला नाही. आणि आदर्श सगळ्यांना सांगतो, "हिच्यावर झोपेतबी गोल हुनार न्हाय!"