रिकामी रांग

इंदापूरच्या अंध मुलांच्या शाळेत ब्रेल छापणारं यंत्र उन्हाळ्यापासून नुसतं बरळत होतं. ते सांभाळणारे रवींद्र सर, स्वतः जन्मांध, एप्रिलमध्ये अचानक गेले. त्यानंतर छापलेल्या एकाही पानाचा अर्थ बोटांना लागेना. शेवटी बारामतीहून मेघनाला बोलावलं. शाळांच्या लिनक्सवाल्या संगणकांची कामं तीच बघायची.

"नुसता टिंबांचा चिखल हाय, ताई," स्वप्नालीबाई म्हणाल्या. त्याही अंध, सरांच्या हाताखाली शिकून तिथंच शिक्षिका झालेल्या.

मेघनाला दोष सापडला. सॉफ्टवेअर मराठी मजकुराचं ब्रेल करायचं, आणि कुठल्याशा अपडेटनंतर छपाईच्या वाटेवर संगणक त्या ब्रेललाच मजकूर समजून पुन्हा ब्रेल करत होता. तिनं ते दुसऱ्यांदा होणारं रूपांतर बंद केलं. छपाईच्या रांगेत अडकलेली जुनी कामं पुसली. यंत्राची विजेची वायर काढून परत लावली. रांग पुन्हा उघडून बघितली. रिकामी.

चाचणीचं पान पाठवायला तिनं हात पुढे केला, तोच यंत्र खडखडायला लागलं.

"मी काहीच पाठवलं नाही!"

बाहेर व्हरांड्यातला कालवा एकदम थांबला. मग एका मुलानं विचारलं, "सर आलं व्हय?"

मेघना वायर ओढणार, तर स्वप्नालीबाईंनी तिचं मनगट धरलं. "थांबवू नका. येऊ द्या."

पान बाहेर आलं. बाईंची बोटं त्यावरून सरकत गेली आणि त्या वाचू लागल्या, "नव्या लेकरासाठी. खोलीतनं बाहेर ये. उजवा हात भिंतीला लाव. भिंत सरली की पाण्याची टाकी लागंल. तितं मी उभा हाय. भिऊ नगंस." त्यांनी पान छातीशी धरलं. "सरांचंच हाय. ते बोलल्यागत लिहायचे."

यंत्राच्या पोटात काही उरलं असेल, असं मेघनानं स्वतःला समजावलं. पण वीज तोडल्यावर या यंत्रात काही उरत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

शाळेत नवी एकटीच होती, नकोशी. भिगवणच्या एका मासेमाऱ्याची पोर, जूनमध्ये आलेली. सरांचा आवाजही तिनं कधी ऐकला नव्हता. आल्यापासून कुणी हात धरल्याशिवाय ती खोलीबाहेर पडत नसे. बाईंनी तिला ते पान वाचून दाखवलं. पोर उठली आणि भिंतीला हात लावून चालू लागली. मेघना मागोमाग गेली.

भर दुपार होती. टाकीपाशी कुणी नव्हतं. नकोशी तिथं थांबली, हात पुढे केला आणि खुदकन हसली.

"बाई, सरांचा हात लई गार हाय."

स्वप्नालीबाई व्हरांड्यात उभ्या होत्या तिथंच खाली बसल्या आणि हमसून रडल्या. त्या दिवसापासून नकोशी शाळाभर एकटी हिंडते. यंत्रही नीट छापतं. मेघना मात्र त्या शाळेची कामं आता फोनवरूनच करते.